बाटलीतली पानगळ कुणाला शोभते?

परफ्यूमच्या खोक्यावर एक वाळलेलं तांबूस पान, मागे धुक्यातलं जंगल आणि कोपऱ्यात 'ऑटम' हा शब्द असला की हात आपोआप तिकडे वळतो. काउंटरवरची मुलगी कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारून देते, आपण हुंगतो, 'छान आहे' म्हणतो आणि पाकीट उघडतो. आठवड्याभराने तीच बाटली कपाटाच्या मागच्या रांगेत गेलेली असते. कुणाचं डोकं दुखतं, कुणाच्या सासूबाई 'घरात धूप कुणी लावला?' म्हणून विचारतात, तर कुणाला स्वतःलाच हा वास पुरुषी वाटू लागतो. लाकडाच्या सुवासाचे, बाजारात ज्यांना 'वुडी' म्हणतात असे परफ्यूम कितीतरी घरांतून असे पडून असतात. वस्तू वाईट असते असं मुळीच नाही. ती कुणाच्या अंगावर, कोणत्या हवेत आणि किती, हा विचार पैसे मोजून झाल्यावर सुरू होतो, एवढंच.

शरद वेगळा, पानगळ वेगळी

'ऑटम'ला आपण शरद म्हणतो. शब्दकोशापुरतं ते ठीक आहे, नाकाची मात्र त्यात फसगत होते. फ्रान्समध्ये सप्टेंबर सरता सरता पानं रंग बदलतात, मग ओल्या मातीवर त्यांचा थर साचतो आणि कुजू लागतो. घरातून शेकोट्या पेटतात, पेटीतले लोकरीचे कपडे बाहेर निघतात. परफ्यूम तयार करणारा कारागीर बाटलीत ऑटम भरायला बसतो तेव्हा त्याच्या मनात ही ओल, हा धूर आणि ही लोकर असते. म्हणून तो देवदार, चंदन, वाळा अशा जड द्रव्यांना हात घालतो आणि जोडीला दालचिनी-लवंगेची थोडी ऊब देतो.

आपला शरद आश्विन-कार्तिकातला. धुतलेलं आकाश, कोजागरीचं चांदणं आणि दिवसा अंग भाजून काढणारं ऑक्टोबरचं ऊन. आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात, आणि तेव्हा जमिनीत ओल नसते, धूळ असते. बाटलीतल्यासारखी पानगळ देशात पाहायचीच तर काश्मीरला जावं लागेल. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिनार लाल होतात, गळलेली पानं गोळा करून धुमसत ठेवली जातात आणि त्यांचा कोळसा थंडीत कांगडीत जातो. त्या धुरात वाढलेल्या माणसाला पॅरिसच्या बाटलीची ओळख चटकन पटेल.

मुंबईच्या किंवा बडोद्याच्या माणसाने मात्र दसऱ्याच्या दुपारी असा परफ्यूम लावला, तर उन्हात आणि घामात तो एकदम उसळतो, त्यातला गोडवा दाटतो आणि शेजारचा खिडकी शोधू लागतो. तोच परफ्यूम मार्गशीर्षातल्या सकाळी, नागपूर-इंदूरकडच्या थंडीत किंवा दिल्लीच्या धुक्यात शालीसारखा अंगाला बिलगून राहतो. खोक्यावर ऋतू कोणताही लिहिलेला असो, आपल्या हवेत या सुवासाचा हंगाम दिवाळी आटोपल्यावर सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. मुंबईकरांनी यातले आणखी थोडे दिवस वजा करावेत.

उटण्याच्या वाटीतलं जंगल

लाकडाचा सुवास आपल्याला परका आहे, ही समजूतही एकदा तपासून पाहायला हवी. नरक चतुर्दशीच्या पहाटे जे उटणं अंगाला लागतं त्यात चंदन असतं, वाळा असतो, कपूरकाचरी असते आणि नागरमोथा असतो. नागरमोथा म्हणजे पाणथळ जागी वाढणारं लव्हाळ्याच्या जातीचं गवत. त्याच्या गाठीदार मुळ्या वाळवून कुटायच्या. या मुळ्यांच्या तेलाला परदेशी बाजारात 'सिप्रिऑल' असं भारदस्त नाव आहे. वास धुरकट, कोरड्या लाकडासारखा, किंचित चामड्याकडे झुकणारा. गेल्या काही वर्षांत ऊद नावाने जे महागडे परफ्यूम निघाले, त्यातल्या पुष्कळांचा डोलारा खऱ्या ऊदापेक्षा या नागरमोथ्यावर उभा असतो. दिवाळीत ज्याचं पुडकं वाण्याकडे सहज मिळतं, तेच काचेच्या नक्षीदार बाटलीतून परत आलं की आपण त्याला ओळखत नाही.

वाळ्याचंही तसंच. उन्हाळ्यात माठात टाकायची त्याची जुडी आणि खिडकीवर पाणी मारून ओला ठेवायचा त्याचा पडदा मराठी घरांना नवा नाही. परफ्यूमच्या जगात त्याला 'व्हेटिव्हर' म्हणतात आणि हा शब्द तमिळमधल्या 'वेट्टिवेर'वरून गेला आहे. पॅरिसच्या गेर्लां या घराण्याने १९५९ साली याच नावाचा परफ्यूम काढला, तो आजही विकला जातो. पाच या सुगंधी पानांच्या वनस्पतीची गोष्ट तर गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात, तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये ही पानं घालत. त्यामुळे 'पॅचौली'चा वास ही तिकडच्या बायकांच्या लेखी अस्सल शालीची खूण होऊन बसली.

आणि दगडफूल! गोड्या मसाल्यासाठी ते तेलावर परतताना जो मातकट, ओल्या झाडाच्या सालीसारखा वास घरभर पसरतो, त्याचा सख्खा नसला तरी कुळातला भाऊ 'ओकमॉस' या नावाने युरोपातल्या ओकवृक्षांच्या फांद्यांवर वाढतो. पानगळीच्या परफ्यूमना जी दमट सावली असते, ती बऱ्याच अंशी त्याची. फ्रान्स्वा कोती याने १९१७ साली 'शिप्र' नावाचा परफ्यूम आणला. शिप्र म्हणजे सायप्रस बेट. वर बर्गमोट या लिंबाच्या जातीच्या फळाची टवटवी आणि तळाशी ओकमॉस, अशी त्याची रचना इतकी गाजली की पुढे त्या अख्ख्या जातीलाच हे नाव पडलं. दोन वर्षांनी, १९१९मध्ये, झाक गेर्लां यांनी याच पायावर पीच फळाचा भास देणारं एक कृत्रिम द्रव्य चढवून 'मित्सुको' तयार केला. नाव घेतलं क्लोद फारेरच्या कादंबरीतल्या जपानी नायिकेचं. पानगळीचा परफ्यूम म्हटल्यावर जाणकारांच्या तोंडी अजून हे नाव येतं.

ओकमॉसमधल्या दोन घटकांमुळे अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते, असं पुढे लक्षात आलं. युरोपीय संघाने त्यांवर बंदी घातली आणि २०२१पासून ती दुकानातल्या सगळ्या मालाला लागू झाली. उत्पादकांना जुनी सूत्रं बदलावी लागली. तेव्हा परदेशी राहणाऱ्या मावशीने तीस वर्षांपूर्वी आणलेली बाटली आणि आज त्याच नावाने मिळणारी बाटली यांत फरक जाणवला, तर नाकाला दोष देऊ नये. जुनी बाटली सापडली तर ती हुंगायला ठेवावी, अंगाला लावण्याचा मोह टाळावा.

हा वास पुरुषी का वाटतो?

फुलं बायकांची आणि लाकूड पुरुषांचं, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही, जाहिरातींनी केली आहे. कनौजच्या अत्तरांत ती कधी नव्हती. चंदनाचं, हिन्याचं, शमामाचं अत्तर स्त्री-पुरुष दोघंही लावत आले. आपल्याकडेही सहाणेवर उगाळलेलं गंध वारकऱ्याच्या कपाळी लागतं आणि तेच चंदन बाळंतिणीच्या उटण्यात जातं.

पाश्चात्त्य बाजारात ही भिंत मोडायला १९९२ साल उजाडावं लागलं. शिसेदो या जपानी कंपनीने त्या वर्षी 'फेमिनिते द्यु ब्वा' नावाचा परफ्यूम आणला. नावाचा अर्थच लाकडाचं स्त्रीत्व. कल्पना सर्ज लुतांस यांची. मोरोक्कोतल्या ॲटलस पर्वतातल्या देवदाराच्या वासाने त्यांना झपाटलं होतं. पिएर बूर्दाँ आणि क्रिस्टोफर शेल्ड्रेक या दोघा परफ्यूमकारांनी त्या देवदाराला आलुबुखार, मसाले आणि व्हायोलेटची जोड दिली. ॲटलसचा हा देवदार म्हणजे आपल्या हिमालयातल्या देवदाराचा भाऊबंद. बायकांसाठी म्हणून काढलेल्या परफ्यूमच्या मध्यभागी फूल न ठेवता सरळ लाकूड ठेवणं त्या काळी धाडसाचं होतं. २००९पासून तो लुतांस यांच्या स्वतःच्या नावाने विकला जाऊ लागला. त्याआधी तीन वर्षं, १९८९मध्ये, गेर्लांने चंदन आणि जाईच्या कुळातल्या फुलांचा 'संसारा' काढला होता. नाव संस्कृतातून उचललेलं आणि जन्ममरणाच्या फेऱ्याचा गूढ अर्थ मनात धरलेला. मराठी बाईला संसार म्हटल्यावर आधी दुधाचा हिशोब आठवतो, याची पॅरिसला कल्पना नसावी.

तेव्हा पहिल्यांदा लावल्यावर 'हा तर ह्यांचा आफ्टरशेव्ह' असं वाटलं तर दोन दिवस थांबावं. नाकाला सवय बाटलीपेक्षा जाहिरातींची जास्त असते.

कुणाला शोभेल?

जाहिरात म्हणते, हा परफ्यूम 'गूढ, स्वतंत्र आणि आत्मविश्वासू' व्यक्तीसाठी आहे. आपण परावलंबी आणि भित्रे आहोत असं कुठला ग्राहक कबूल करणार? या वर्णनाचा निवडीला काडीचाही उपयोग नाही. राशीवरून, जन्मतारखेवरून किंवा आवडत्या रंगावरून परफ्यूम सुचवणारे तक्तेही करमणुकीपुरतेच वाचावेत. सुवासाचा स्वभाव काय आहे हे पाहावं आणि मग तो आपल्या वागण्याशी जुळतो का, हे ताडून पाहावं.

लिंबू-संत्र्याच्या वासाचे कण हलके असतात. ते फवारल्याबरोबर उडतात आणि पंधरावीस मिनिटांत निघून जातात. फुलांचे वास त्यांच्या मागून येतात. लाकडाचे, रेझिनचे कण सगळ्यांत जड. ते उशिरा जागे होतात आणि संध्याकाळपर्यंत त्वचेला धरून राहतात. म्हणजे हा सुवास दारातून आत येताना तुमची ललकारी देत नाही. तासभर शेजारी बसलेल्या माणसाला तो कळतो. कधी तर तुम्ही उठून गेल्यावर खुर्चीपाशी कळतो.

यावरूनच तो कुणाला शोभेल हे ओळखता येतं. काही माणसं पहिल्या भेटीत फारशी लक्षात राहत नाहीत. बोलण्याआधी ऐकून घेतात, हसली तरी आवाज करत नाहीत, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत वाटतं, या बाईंशी आपण आधीच बोलायला हवं होतं. हातमागाच्या साड्या, मातकट रंग, एकच घड्याळ वर्षानुवर्षं. बैठं, एकाग्रतेचं काम असलेले शिक्षक, वकील, हिशेबनीस, ग्रंथपाल यांच्यात अशी माणसं जास्त सापडतात, पण तो काही नियम नाही. एकोणीस वर्षांच्या कॉलेजकन्येचा पिंडही असा असू शकतो आणि साठीच्या आजींचा नसू शकतो. वय हा निकष धरणाऱ्यांची इथे फजिती होते.

उलट, जिच्या येण्याने खोलीत दिवा लागल्यासारखं होतं, जी भराभर बोलते, दिवसातून चार ठिकाणी धावते, तिच्या अंगावर चंदन-अंबरचा जड परफ्यूम भिजलेल्या कोटासारखा वाटतो. तिला मोगरा द्या, संत्र्याची फुलं द्या. लाकडाचीच हौस असेल तर वाळ्याकडे वळावं. त्यात गवताचा हिरवेपणा असतो, तो तिच्या पावलाशी पाऊल टाकू शकतो. दर अर्ध्या तासाने 'येतोय का गं वास?' असं विचारणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. या सुवासाला त्याच्या गतीने वागू द्यावं लागतं, आणि तेवढा धीर नसेल तर फवाऱ्यावर फवारे बसतात.

एक बाब मात्र जाहिरातीत कधी येत नाही आणि आपल्या घरांत ती फार महत्त्वाची आहे. वासाचा आणि आठवणीचा मेंदूतला रस्ता अगदी जवळचा असतो. चंदन, धूप, ऊद यांच्या आठवणी आपल्याकडे देवघराशी जोडलेल्या असतात, तशाच घरातून कुणी कायमचं गेल्याच्या दिवसांशीही. हार, उदबत्त्या आणि चंदनाचा वास. ज्या घरात वर्ष-दोन वर्षांत असा प्रसंग झाला आहे, तिथल्या बाईला वाढदिवसाची भेट म्हणून चंदनी परफ्यूम देणारा बिचारा चांगल्याच हेतूने देतो, आणि तिला तो नाकाशीही नेववत नाही. कारणही तिला सांगता येत नाही. म्हणून लाकडाचा सुवास न विचारता भेट देऊ नये. स्वतःसाठी घेतानासुद्धा घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा हुंगवून पाहावा. दिवसातले दहा तास तो त्यांच्याही वाट्याला येणार असतो.

घेताना आणि लावताना

कागदाच्या पट्टीवर कळतो तो परफ्यूमचा केवळ नमस्कार. लाकडाचा खरा वास त्वचेवर, तास-दोन तासांनी उमलतो. मनगटावर एक फवारा घ्यावा, दुकानातून बाहेर पडावं, बाकीची खरेदी उरकावी, चहा घ्यावा आणि मग हुंगून पाहावं. एका फेरीत दोनहून अधिक परफ्यूम अंगावर घेतले तर नाक गोंधळतं. परत जाऊन विकत घेण्याची इच्छा उरली नसेल, तर पैसे वाचले. तेलकट त्वचेवर सुवास जास्त टिकतो, कोरड्या त्वचेवर लवकर विरतो. मैत्रिणीच्या अंगावर दरवळणारा परफ्यूम आपल्यावर मुका राहिला तर तो बनावटच असेल असं नाही.

'शुद्ध चंदनाचं अत्तर' स्वस्तात मिळत असेल तर एवढं आठवावं. चंदनाचं झाड दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगतं, त्याचा सुगंधी गाभा तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात आणि अस्सल तेलाचा भाव किलोला लाखांच्या घरात असतो. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवलं. म्हैसूरला सरकारी तेल कारखाना निघाला तो १९१६मध्ये, महायुद्धामुळे लाकडाची निर्यात अडल्यावर. आपल्या जमिनीतल्या झाडावरची मालकी कर्नाटकातल्या शेतकऱ्याला मिळाली ती तर २००१नंतर. मधल्या काळात चोरट्या तोडीने जंगलं रिकामी झाली. कनौजमध्ये पूर्वी भपक्यात, म्हणजे अत्तर उतरवण्याच्या भांड्यात, चंदनाचंच तेल असे. आता पुष्कळ ठिकाणी त्याची जागा लिक्विड पॅराफिनसारख्या बिनवासाच्या स्वस्त द्रव्यांनी घेतली आहे. तेव्हा शंभर रुपयांच्या कुपीत चंदन शोधू नये. कृत्रिम चंदनाचा चांगला परफ्यूम घेण्यात कमीपणा काहीच नाही. झाड वाचतं आणि फसवणूकही होत नाही.

लावताना दोन फवारे पुरे. एक मनगटावर, एक कानामागे किंवा मानेच्या मागच्या बाजूला. थोड्या वेळाने स्वतःला वास येईनासा होतो, कारण नाक सरावतं. इतरांना तो येतच असतो. त्यातून आधुनिक वुडी परफ्यूममधली काही द्रव्यं काहींच्या नाकाला मुळी जाणवतच नाहीत. 'आयसो ई सुपर' हे १९७०च्या दशकातलं देवदारासारखं कृत्रिम द्रव्य त्यातलंच. 'मला काही येतच नाही' म्हणून सहा फवारे मारणाऱ्याबरोबर लिफ्टमधून जाणाऱ्यांचे हाल होतात, आणि दम्याच्या रुग्णाला तर त्यातून खरोखरच त्रास होऊ शकतो. दवाखान्यात, रुग्णाला भेटायला जाताना आणि गर्दीच्या लोकलमध्ये परफ्यूम नकोच.

नवीन बाटली प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस पाहावी. खाज किंवा पुरळ आली तर हट्ट करू नये. मोत्याच्या माळेवर, जरीच्या काठावर किंवा पैठणीवर थेट फवारा मारू नये; मोती निस्तेज होतात, जर काळवंडते. अत्तराचा तेलकट डागही रेशमावरून सहज जात नाही. लोकरीच्या शालीवर मात्र हा सुवास सुरेख बसतो, आतल्या बाजूला अगदी थोडा, आधी कोपऱ्यात डाग पडत नाही ना हे पाहून.

बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नये, ऊन आणि दमट हवा दोन्हींनी ती बिघडते. तिच्या खोक्यातच कपाटात ठेवावी. संपल्यावर झाकण काढून लोकरीच्या कपड्यांच्या पेटीत टाकली, तर बरेच दिवस पेटी उघडताना देवदाराची झुळूक येते. पेटीत डांबराच्या गोळ्या असतील तर मात्र हा खटाटोप करू नये. त्यांच्यापुढे ॲटलसचा देवदारही टिकत नाही.